तांबडीबाईंचे आडवे र

मंगळवारी सकाळी साडेदहाला यादी यायची आणि पावणेअकराला भांडण सुरू व्हायचं.

यादीचं नाव 'या आठवड्यातल्या सुधारणा'. पाठवणारा एक चौतिशीतला प्रोग्रामर. त्याला ऑफिसात सगळे अपडेट म्हणायचे, समोरसुद्धा, आणि तो ते कौतुक समजायचा. आमची कंपनी लिफ्ट आणि सरकते जिने बनवते. आम्ही बसतो तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे जिन्याने चढून जातो, कारण आमच्याच इमारतीतल्या लिफ्टवर सात महिने 'काम चालू आहे' अशी पाटी आहे. यावर विनोद करायचा नाही असा अलिखित नियम आहे.

कंपनीची एक वेबसाइट आहे. गावोगावचे फिटर काम करता करता ती फोनवर उघडतात आणि कुठला बोल्ट आधी सोडायचा ते वाचतात. हा मजकूर चढवायचा तो साइटच्या आतल्या बाजूने. तिथे पानं लिहायची, तपासायची, सोडायची. त्या आतल्या बाजूला आम्ही 'माळा' म्हणायचो, कारण तिथे टाकलेली वस्तू गरजेला सापडत नाही.

माळ्याची मालकीण तांबडीबाई.

वय सत्तावन्न. हुद्दा मुद्रितशोधक. चष्म्याला काळी दोरी, हातात लाल पेन, आणि एक पारदर्शक फुटपट्टी, जिच्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत. प्रत्येक पान छापून घ्यायच्या आणि खालून वर वाचायच्या. शेवटची ओळ आधी, पहिली शेवटी.

"अहो बाई, उलटं का वाचता?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी नवीन होते, नाटकातून आले होते. फिटरांसाठीच्या व्हिडिओंना आवाज द्यायचा आणि उरलेल्या वेळात बाईंना मदत करायची, असं माझं काम.

"सरळ वाचलं की अर्थ लागतो. अर्थ लागला की चुका दिसत नाहीत."

मग त्यांनी माझा कागद माझ्याकडे सरकवला. मी सगळ्यांना पाठवलेला 'नमस्कार, मी नवीन' असा चार ओळींचा निरोप. त्यात सात लाल खुणा.

"नाटकात चालत असेल," त्या म्हणाल्या. "इथे वाक्याखाली माणूस उभा असतो."

बाई कुणाला आवडायच्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. वाढदिवसाचं कार्ड दिलं तर दुरुस्त करून परत द्यायच्या. घरीही तेच. त्यांचे यजमान निवृत्त फिटर. डाव्या हाताला तीनच बोटं. फार पूर्वीच्या एका पुस्तिकेत 'उघडू नये' मधला 'नये' पुढच्या पानावर गेला होता आणि यजमानांनी पान उलटलं नव्हतं. तेव्हा बाई कंपनीत नव्हत्या, त्यानंतर आल्या. एकदा मी त्यांच्या घरी कागद द्यायला गेले, तर फ्रिजवर यजमानांची चिठ्ठी होती, 'दुध संपले'. त्यावर लाल शाईत दुरुस्ती: 'दूध'. दूध मात्र आणलेलं नव्हतं.

"चिठ्ठी तपासून झाली," यजमान मला म्हणाले. "आता चहा कोरा प्या."

तर, एकोणचाळिसावी यादी. त्यात चौथी सुधारणा अशी होती: 'मजकुरातली न दिसणारी निरुपयोगी अक्षरं आता आपोआप साफ होतील.' कुठून तरी मजकूर उचलून चिकटवला की त्याच्याबरोबर असली भुताटकी येते, पानं जड होतात, असं अपडेटचं म्हणणं. ऐकायला बरंच होतं. घर झाडून देतो म्हणणाऱ्याला नाही कोण म्हणेल?

पावणेअकराला बाई त्याच्या टेबलापाशी.

"हे काय आहे?"

"काय मॅडम?"

"पायर्या." त्यांनी तो शब्द लिहिला होता तसाच उच्चारला, पायऱ्या नव्हे, पाय-र्‌-या, जणू मध्येच पाय मुरगळला. "काल इथे 'पायऱ्या' होतं. सरकत्या जिन्याला पायऱ्या असतात. पायर्या कुणाला असतात?"

"मॅडम, फॉन्टचा इशू आहे. ब्राउझर बंद करून उघडा."

"उघडला."

"मग मशीन."

"तेही केलं. आता इमारत बंद करून उघडू का?"

माझ्यासारख्या उच्चारावर पोट भरणाऱ्या माणसाला हा घोटाळा कळायला वेळ लागला नाही. आपल्या लिपीत अर्धा र दोन तऱ्हांनी बसतो. एक उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, तो रफार. 'सूर्य', 'कार्य'. आधीच्या अक्षराला धक्का देऊन बोलायचा. दुसरा बिचारा डोक्यावर चढत नाही. पापणीसारखा आडवा पडून राहतो. 'पायऱ्या', 'दोऱ्या', 'करणाऱ्या'. त्याला धक्का नाही. अदलाबदल झाली की दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्यांचा 'दर्या' होतो, म्हणजे समुद्र. आणि आमच्या साइटवर सोमवारच्या सगळ्या आडव्या रांनी मंगळवारी डोक्यावर उड्या मारल्या होत्या. 'दोर्या तपासा.' 'दुरुस्ती करणार्यांनी हातमोजे घालावेत.'

बाईंनी दुरुस्त करायला घेतलं. जुन्या पद्धतीच्या कीबोर्डवर त्यांनी 'पायऱ्या' लिहिलं, नीट दिसलं, जतन केलं. पान परत उघडलं, 'पायर्या'. पुन्हा लिहिलं, पुन्हा जतन, पुन्हा उडी. एका पानावर चार वेळा.

"चेटूक आहे," मी म्हटलं.

"चेटूक नाही. चौथ्या क्रमांकाची सुधारणा आहे." पण पुरावा नव्हता. आणि अपडेटला नुसतं बोलून काही पटत नसे. त्याला म्हणे आकडे लागायचे.

आकडे त्यानेच आणले. चाळिसाव्या यादीनंतरच्या शुक्रवारी साहेबांनी बाईंना आत बोलावलं. दार उघडंच होतं. साहेबांना दार लावायची सवय नाही आणि मला न ऐकायची.

"बाई, हा सिस्टिमचा रिपोर्ट. तुमच्या खात्यातून माळ्यावर अकरा हजार चारशे ब्याऐंशी निरुपयोगी अक्षरं गेलीत."

"माझ्या?"

"वापरकर्ता क्रमांक तीन. तुम्हीच ना? आणि गेले दहा दिवस रोज तीनशेच्या आसपास नवी घालताय. सिस्टिम काढतेय, तुम्ही घालताय."

"मी चुका दुरुस्त करतेय."

भिंतीला टेकून उभा असलेला अपडेट हळूच म्हणाला, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. वयानुसार होतं. बोट चुकून दोनदा पडतं."

"अकरा हजार वेळा?"

"मी म्हटलं नाही, आकडा म्हणतोय."

त्यांना खुलासापत्र मिळालं. त्यात शब्द होता 'निष्काळजीपणा'. सात दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर महिनाअखेर पद रद्द; तपासणीचं काम अपडेटचा नवा तपासनीस-प्रोग्राम करील. निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या बाईच्या फायलीत, एकतीस वर्षांच्या लाल शाईनंतर, शेवटचा शब्द निष्काळजीपणा. त्या जागेवर येऊन बसल्या. पत्र खालून वर वाचलं. मग लाल पेन उघडलं आणि 'खूलासा' मधला खू ऱ्हस्व केला.

"बाई, आता तरी..." मी म्हटलं.

"शिवी द्यायची तर शुद्ध द्यावी."

त्या संध्याकाळी त्यांना दिराचा फोन आला. दीरही कंपनीत फिटर, आणि दीर-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. बाईंचे कान जरा जड झालेत, त्यामुळे फोन स्पीकरवर.

"वहिनी, तुमची साइट आहे का विनोदाचं पान?"

"कामाचं बोला, भावोजी."

"मी इथे सरकत्या जिन्याच्या पोटात उताणा पडलोय. शोधायच्या चौकटीत 'पायऱ्या' टाकलं. साइट म्हणते, काही सापडलं नाही. जिना बनवणाऱ्या कंपनीत पायऱ्या सापडत नाहीत!"

"पायर्या टाका."

"काय?"

"प वर काना, य, मग या, आणि र त्याच्या डोक्यावर. चुकीचं लिहा. सापडेल."

थोडा वेळ नुसता पान्यांचा आवाज. मग, "सापडलं. वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला चुकीचं लिहायला सांगितलंत. बऱ्या आहात ना?"

बाईंनी फोन ठेवला. दिरापुढे नाक कापलं गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. पत्राने जे झालं नव्हतं ते या चौकशीने झालं.

शनिवारी त्यांनी पत्राला जोडलेला रिपोर्ट काढला. पुरावा म्हणून जोडलेली बावीस पानं: माळ्यावरच्या प्रत्येक पानाचं नाव आणि त्यातून पहिल्या झाडणीत काढलेल्या निरुपयोगी अक्षरांची संख्या. शेजारी त्यांनी आपल्या जुन्या छापील प्रती मांडल्या, ज्या कपाटाला अपडेट 'अजायबघर' म्हणायचा.

"बस. वाच," मला म्हणाल्या. "खालून वर. अभिनय नको."

मी वाचायला लागले. बाई फुटपट्टी सरकवत होत्या, आणि पहिल्यांदाच लाल पेनाने दुरुस्ती न करता नुसते ठिपके देत होत्या. पान संपलं.

"किती ठिपके?"

मी मोजले. "चौदा."

"रिपोर्टात?"

"चौदा."

दुसरं पान. नऊ. रिपोर्टात नऊ. तिसरं, एकतीस. एकतीस. मी आकड्यावर बोट ठेवून पुन्हा पाहिलं. बाईंची मात्र भुवईसुद्धा हलली नाही.

"ठिपके कशावर देताय, बाई?"

"आडव्या र वर."

मग त्यांनी सांगितलं. अपडेटच्या आधीच्या जुन्या प्रोग्रामरने त्यांना टायपिंग शिकवताना म्हटलं होतं, बाई, र आडवा पाडायचा तर त्याच्या मागे एक मुका सांधा द्यावा लागतो. दिसत नाही, ऐकू येत नाही, पण तो असला की र डोक्यावर चढत नाही. बाईंच्या कीबोर्डवर त्याची एक कळ होती. वीस वर्षं बोटं आपसूक तिच्यावर पडत होती. त्या विसरूनही गेल्या होत्या. अपडेटच्या झाडूला तो सांधा म्हणजे कचरा वाटला.

"म्हणजे तुम्ही घातलेला कचरा म्हणजे..."

"माझं काम," बाई म्हणाल्या. "ते त्याने मोजून दिलंय. पुढे वाच."

सोमवार दुपारपर्यंत आम्ही दोनशे पानं जुळवली. एकाही पानाला फरक नाही. आणि मग एक अडलं. 'अडचण आल्यास संपर्क' हे साधं, मदतीचं पान. रिपोर्टात आठ. आमचे ठिपके सात.

"सोडा ना, दोनशेत एक."

"मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?"

पुन्हा वाचलं. सात. तिसऱ्यांदा. सात. बाईंनी चष्मा पुसला, फुटपट्टी पानाच्या अगदी तळाशी नेली, जिथे बारीक अक्षरात तांत्रिक मदतीसाठी कुणाला गाठायचं ते लिहिलं होतं. ती ओळ आम्ही तिन्ही वेळा मजकूर नाही म्हणून गाळली होती. बाई वाकल्या. आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. चांगलं हसू नव्हतं ते.

"आठ," त्या म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. बाईंनी ठिपक्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दोनशे पानांचा हिशेब सांगितला. साहेब मान डोलवत होते, तशी ते सगळ्यालाच डोलवतात.

"योगायोग असू शकतो," अपडेट म्हणाला.

"दोनशे वेळा?"

"मॅडम, ही सगळी जगन्मान्य पद्धत आहे. न दिसणारी अक्षरं काढतातच. तुमच्या त्या र साठी जगाने थांबायचं का? आणि खरं सांगू? फरक कुणाला कळतो? लोकांना अर्थ लागतो. लोक तुमच्यासारखे उलटे वाचत नाहीत."

"फरक कळत नाही?"

"नाही."

"मदतीचं पान उघडा. तुमच्याच हाताने. शेवटची ओळ." त्याने उघडलं. बाई माझ्याकडे वळल्या. "वाच गं. आहे तसं."

मी वाचलं. अपडेटचं नाव नीट होतं. आडनावात मात्र एक आडवा र होता, आणि तोही इतरांबरोबर डोक्यावर चढला होता. मी तो जसा दिसत होता तसाच, आधीच्या अक्षराला सणसणीत धक्का देऊन म्हटला. मला अभिनय नको म्हणून सांगितलेलं. पण मी थोडा केला. खोलीत एखाद्या आजाराचं नाव उच्चारल्यासारखं वाटलं.

साहेबांना खोकला आला. खोकल्याआड हसू होतं हे सगळ्यांना दिसलं.

"हे... हे टायपो आहे," अपडेट म्हणाला. कान लाल.

"तुमचं आडनाव?"

"म्हणजे, मी माझं नाव इंग्रजीतच लिहितो, त्यामुळे..."

"दोन आठवडे तुमच्या वाडवडिलांचं नाव देशभर चुकीचं लागलंय, आणि ते चुकवलंय तुम्ही. निष्काळजीपणा कुणाचा, साहेब?"

खुलासापत्र मागे घेतलं गेलं. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. साहेबांना तर फारच आवडलं असतं. पण दुपारी एक्केचाळिसावी यादी आली. पहिलाच मुद्दा: 'सुधारणा: आडव्या र ची खास सुविधा आता उपलब्ध.'

बाई उठल्या. मी पाण्याचा ग्लास बाजूला घेतला.

"सुविधा?"

"मॅडम, केलं ना आता? झाडू बंद केला. यापुढे तुमचा र राहील."

"यापुढे. आणि गेलेले?"

तिथे खरी गोम होती. साइटची जुनी प्रत जपून ठेवलेली होती. पण मधल्या दोन आठवड्यांत शेकडो पानं बदलली होती, नवी चढली होती. त्यांतला कुठला र आडवा पाडायचा आणि कुठला डोक्यावर ठेवायचा, हे यंत्राला सांगता येत नव्हतं. 'कार्य' मधला उभाच हवा, 'करणाऱ्या' मधला आडवाच हवा. एकेक पाहून सांगायला माणूस लागणार होता, आणि असा माणूस इमारतीत एकच होता. खाली फिटरांचे फोन वाजत होते. कुणाला पायऱ्या सापडत नव्हत्या, कुणाला दोऱ्या.

बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं. टक, असा आवाज झाला.

"मी एकाही पानाला हात लावणार नाही. आधी यादीत 'चूक' लिहा."

"यादीत तसा रकानाच नाही. सुधारणा, नवीन आणि वेग. तीनच आहेत."

"एक्केचाळीस आठवड्यांत एकदाही लागला नाही रकाना?"

"नाही लागला."

"मग करा. रकाने करायचा पगार घेता ना?"

साहेब मध्ये आले. "बाई, कशाला ताणता? पत्र मागे घेतलंय की."

"का घेतलं, ते कुठे लिहिलंय?" त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. "माझ्या फायलीत निष्काळजीपणा लिहिलेला कागद आहे आणि मागे घेतल्याचा कागद आहे. पुढचा कुणी वाचेल तर म्हणेल, म्हातारीवर दया केली. मला दया नको. चूक कुणाची ते हवंय, तारखेसकट. आधी शब्द, मग र."

"एका शब्दासाठी, मॅडम?"

"यजमानांची बोटं एका शब्दासाठीच गेली. तुमचं तर नुसतं नाक जातंय."

बुधवार गेला. बाई रोज वेळेवर यायच्या, फुटपट्टी समोर ठेवायच्या आणि हात बांधून बसायच्या. अपडेटने स्वतः काही पानं दुरुस्त करून पाहिली. त्याच्या हातून 'आश्चर्य' चं 'आश्चऱ्य' झालं आणि एका दिवसात फोन दुप्पट झाले. गुरुवारी मी जिन्यात साहेबांना त्याच्याशी बोलताना ऐकलं. साहेब त्याला 'बाळा' म्हणत होते, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

शुक्रवारी चार वाजता यादी आली. मंगळवार नसताना आलेली पहिली यादी. त्यात चौथा रकाना होता. बाईंनी ती छापून घेतली, फुटपट्टी ठेवली आणि खालून वर वाचली.

'चुक: न दिसणारी अक्षरं काढताना मजकुरातले आडवे र काढले गेले. वापरकर्ता क्रमांक तीनचा यात दोष नाही. चुक माझी.'

खाली आडनावासकट सही. आडनाव बरोबर होतं.

बाईंनी टोपण काढलं. पहिला 'चुक' दीर्घ केला. दुसरा 'चुक' दीर्घ केला. मग 'काढले गेले' मधल्या 'गेले' वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी 'मी' घातला. कागद माझ्या हातात दिला.

"नेऊन दे. म्हणावं, स्वच्छ प्रत."

मी नेला. अपडेटने पाहिला, आणि त्याने जो शब्द उच्चारला तो शुद्ध होता, एवढंच सांगते.

"फक्त दोन उकार आणि एक शब्द आहे," मी म्हटलं.

"हसू नकोस."

"हसत नाहीये. मला अभिनय वर्ज्य आहे."

पावणेपाचला स्वच्छ प्रत आली. बाईंनी ती तीनदा वाचली, सहीखालची तारीख बोटाने तपासली, फाईल मागवली, आणि 'निष्काळजीपणा' वाल्या कागदावर ही प्रत स्वतः डकवली, अशी की ती उचलल्याशिवाय खालचं वाचता येऊ नये.

पलीकडून अपडेट ओरडला, "झालं समाधान?"

बाईंनी मान वर केली नाही. संपर्काचं पान पुढे ओढलं, फुटपट्टी तळाच्या ओळीखाली सरकवली, आणि पेनाच्या टोकाने त्याच्या आडनावातला र डोक्यावरून खाली उतरवून आडवा पाडला.

"एक," मला म्हणाल्या. "पुढे वाच."